दारूची मुदत

दारू जुनी तितकी चांगली, असं म्हणणारे बंदुकीच्या दारूबद्दल बोलत नसतात. मी बँकेत मुदत ठेवींच्या टेबलावर. म्हणून ठासणीच्या बंदुकीवाल्या एका खातेदाराने मलाच तिची मुदत विचारली! सोरा, गंधक, कोळशाची काळी दारू कोरडी राहिली तर माणसापेक्षा जास्त टिकते. अमेरिकेतल्या १८६१-६५च्या यादवीतला तोफगोळा २००८ साली व्हर्जिनियात फुटला. साफ करणारा बिचारा गेला. काडतुसातली बिनधुराची दारू मात्र आतल्या आत कुजते. कुज आवरणारं रसायन त्यात घालतात. थंड जागी ते वर्षानुवर्षं पुरतं, उष्म्यात लवकर संपतं. मग दारू आपणहून पेटते. १९११ साली तुलोंच्या बंदरात फ्रेंच युद्धनौका ‘लिबर्ते’ अशीच उडाली. डब्यातून आंबट, झोंबरा वास आला, की ती काडतुसात भरायची नाही. आमच्या बुडीत कर्जांना असा वास येत नाही, हीच पंचाईत.