चित्रा नक्षत्राचा आठवडा

हस्त सरून चित्रा नक्षत्र लागले, की कोकणातल्या मनुष्याचे अर्धे चित्त आकाशात असते. येत्या आठवड्याचे भाकीत आमच्यापुढे आहे: दुपारपर्यंत कडक ऊन, नंतर तुरळक ठिकाणी विजांच्या कडकडाटासह पाऊस. यातील ‘तुरळक ठिकाणी’ हे शब्द वेधशाळेच्या परीने यथार्थच होत. परतीचा पाऊस आषाढातील झडीसारखा साऱ्या किनाऱ्यावर पसरत नाही. ओली जमीन तापते, वाफ वर चढते, सह्याद्रीच्या अंगाला ढग चढतात आणि तिसऱ्या प्रहरी एक गाव न्हाऊन निघते, तर शेजारचे कोरडे राहते. भाकीत जिल्ह्याचे, आणि आमचे शेत तर दोन कुणग्यांचे!

हळवे भात पिकून माना टाकू लागले आहे. कापावे, तर ते वाळेपर्यंत ऊन हवे. न कापावे, तर एका वादळी सरीने लोंब्या चिखलात लोळून दाण्यास मोड येतात. २०१९ च्या ऑक्टोबरअखेर, ऐन दिवाळीत, ‘क्यार’ चक्रीवादळ किनाऱ्यास न लागता समुद्रातूनच दूर गेले; तरी त्या दिवसांच्या पावसाने कापलेले भात जागच्या जागी कुजले. मुंबईतून मोसमी पाऊस परतण्याची सरासरी तारीख वेधशाळेने २०२० साली ८ ऑक्टोबर ठरविली खरी. पण सरासरीवर विळा चालविणारा शेतकरी आम्हांस अद्याप भेटावयाचा आहे.

पहाटे मतलई वारा सुटून गवतावर दव दिसले, की पाऊस सरला असे आमच्याकडे मानतात. काल दव होते. आज घाटमाथ्यावर सकाळपासूनच ढग आहेत. परंतु गडी आले आहेत, आणि पाणी लवकर निथळते म्हणून वरच्या कुणग्यापासून आरंभ करावयाचे ठरले आहे.