दाब आणि ताण

मी उर्दू आणि मराठी शिकवते. काँक्रीट माझा विषय नाही, पण माझा भाचा स्थापत्य अभियांत्रिकीला आहे आणि सुट्टीत आला की खालाजानला काहीतरी समजावल्याशिवाय राहत नाही.

या वेळी त्याने सांगितलं ते असं. काँक्रीटचा ठोकळा फक्त वरून दाबला, तर तो बाजूंना फुगतो, आतल्या बारीक चिरा उभ्या वाढतात आणि तो फुटतो. तोच ठोकळा चारही बाजूंनी आवळून धरला, तर चिरांना उघडायला जागाच मिळत नाही. बाजूने द्यावा त्याच्या साधारण चौपट ताकद वाढते. इलिनॉय विद्यापीठात रिचर्ट आणि सहकाऱ्यांनी हे 1928 मध्ये दाखवून दिलं. एरवी ठिसूळ असलेलं काँक्रीट मग फुटण्याआधी पुष्कळ दबतं, आकार बदलतं, पण टिकून राहतं. ताण मात्र त्याला सोसत नाही. दाबाच्या जेमतेम दहाव्या हिश्शाएवढ्या ओढीने ते तडकतं.

कोयनेचं 103 मीटर उंच धरण आपल्याच वजनाने दाबात उभं आहे. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे भूकंपाने त्याचा माथा हलवला आणि दाबाच्या जागी ताण आला. जिथे मागच्या बाजूचा उतार बदलतो, तिथे आडव्या चिरा पडल्या. धरण फुटलं नाही. पुढे मागच्या बाजूने त्याला भक्कम टेकू दिले गेले.

उर्दूत दबाव वेगळा, खिंचाव वेगळा. मराठी बोलण्यात मात्र दोन्हींना आपण सरसकट ‘ताण’ म्हणतो. स्टाफरूममध्येही तेच: पोरांवर ताण फार आहे, अभ्यास कमी करा.

आमच्या नववीतल्या एका मुलीला अभ्यासाचं ओझं कधी जड झालं नाही. घरी आजी म्हणे पुरे झालं शिक्षण, शाळेत आम्ही म्हणू दहावी कर. दोन्हीकडून ओढ सुरू झाली तशी ती वर्गात बोलेनाशी झाली. मग मी तिला समजावणं थांबवलं आणि तिच्या अम्मीला भेटले. अम्मीला मुलीने शिकायला हवंच होतं, पण घरात तिच्या पाठीशी कोणी नव्हतं. आता दर शुक्रवारी संध्याकाळी मी त्यांच्याकडे जाते. आजीशी वाद घालत नाही, चहा पिते, गप्पा मारते.

मुलीने दहावीचा फॉर्म अजून भरलेला नाही. शाळेत मात्र रोज येते, आणि परवा तिने वर्गात हात वर केला.