सगळ्यांसाठी एकच वाटी

गेल्या रमजानमधली गोष्ट. शाळेतून यायला उशीर झाला होता आणि इफ्तारला जेमतेम वीस मिनिटं उरली होती. खजूर, भजी, कापलेली फळं दस्तरखानावर मांडून झाली. दहीवड्याचं भांडं नेहमीप्रमाणे मी धाकटीपासून लांब सरकवलं. नऊ वर्षांच्या या मुलीला दुधाची अ‍ॅलर्जी आहे. ती वर्षाची असताना डॉक्टरांनी तपासण्या करून सांगितलं, तेव्हापासून घरात हे पथ्य चालू आहे.

येताना मी मेयोनीजची बाटली आणली होती. बारीक चिरलेला कोबी, गाजर आणि काकडीत ते कालवलं की झटपट सॅलड होतं. बाटलीवर ‘अंड्याशिवाय’ असं मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, शेजारी हिरवा ठिपका होता. अंडं नाही म्हणजे तेल आणि मसालेच असणार, असं मी गृहीत धरलं आणि धाकटीच्या ताटात स्वतःच्या हाताने दोन चमचे वाढले.

मगरिबची अजान होऊन पाच मिनिटंही झाली नसतील. तिचे ओठ सुजले, मानेवर लाल गांधी उठल्या, मग खोकला सुरू झाला. आम्ही तशीच तिला उचलून दवाखान्यात नेली. इंजेक्शन दिल्यावर ती सावरली, अल्लाहचे लाख उपकार. श्वासाला त्रास होतोय असं वाटलं तर घरी गोळ्या देत बसू नका, थेट दवाखाना गाठा, असं डॉक्टरांनी बजावलं.

रात्री घरी येऊन बाटली उलटी करून पाहिली. मागच्या बारीक अक्षरांत ‘मिल्क सॉलिड्स’ हे शब्द होते. अंड्याऐवजी घट्टपणा यावा म्हणून अशा मेयोनीजमध्ये बऱ्याचदा दुधाची पावडर घालतात. हिरवा ठिपका शाकाहाराचा असतो, दूध नसल्याचा नाही. बावीस वर्षं मुलांना ‘प्रश्न नीट वाचा’ असं सांगणारी बाई मी, आणि बाटली वाचली नव्हती.

मला सगळ्यात जास्त लाज वाटली ती सासूबाईंसमोर. त्यांना आम्ही अम्मी म्हणतो. “चमचाभर दह्याने काय होतंय? दही तर थंड असतं,” असं त्या म्हणत आणि माझा आवाज चढे. काही लोकांना दुधातली साखर पचत नाही, त्यांना थोडं दही चालूनही जातं. आमच्या मुलीला मात्र दुधातल्या प्रथिनांचा त्रास आहे. ती प्रथिनं दह्यात, ताकात, पनीरमध्ये, सगळीकडे असतात. हे मी अम्मींना चारचौघांत, पाहुण्यांसमोरही सुनावलं होतं. “तुम्ही तिला काही देत जाऊ नका,” इथपर्यंत माझी मजल गेली होती. आणि चूक झाली ती माझ्याच हातून.

अम्मींनी एका शब्दाने टोमणा मारला नाही. दुसऱ्या दिवशी सहरी झाल्यावर एवढंच म्हणाल्या, “आता बाजारचं नको. रविवारी आपण दोघी बसू.”

रविवारी त्यांनी अर्धी वाटी पांढरे तीळ मंद आचेवर भाजले. रंग बदलायच्या आत उतरवले, कारण तांबूस झाले की कडवट लागतात. गार झाल्यावर मिक्सरमध्ये आधी कोरडेच फिरवले, मग दोन-तीन चमचे तेल घालून लोण्यासारखे मऊ वाटले. त्यात लसणाची एक पाकळी, एका लिंबाचा रस, मीठ आणि जिऱ्याची पूड. मग चमचा चमचा पाणी. पहिल्या दोन चमच्यांना ते मिश्रण घट्ट गोळा झालं. मला वाटलं, बिघडलं. “थांब गं, घाई कसली?” अम्मी म्हणाल्या. आणखी पाणी घालत फेटल्यावर ते एकदम सैल झालं आणि दह्यासारखं पांढरं दिसू लागलं. माझे दीर बरीच वर्षं कुवेतला आहेत. तिकडे घरोघरी असते ती तिळाची ताहिना ते सुट्टीत आले की करतात. अम्मींनी ती त्यांच्याकडून कधी शिकून घेतली, मला पत्ताच नव्हता.

दुसरा प्रकार आमच्या कोकणातला. अर्धा नारळ खवून कोमट पाण्यात वाटायचा, पिळून जाड रस काढायचा. त्यात आलं, हिरवी मिरची, कोथिंबीर वाटून घालायची आणि आंबटपणाला कोकमाचं आगळ. हे त्याच दिवशी संपवावं, नारळ लवकर आंबतो. मी बोलता बोलता ‘नारळाचं दूध’ म्हणाले आणि धाकटी दोन पावलं मागे सरली. “दूध नको!” अम्मींनी तिला जवळ घेतलं. “दूध नाही गं, नारळाचा रस आहे.” भाषा शिकवते मी, पण त्या दिवशी योग्य शब्द अम्मींना सुचला. आमच्या घरात तेव्हापासून रसच म्हणतात.

काकडी-टोमॅटोवर नुसतं तेल-लिंबू घालायचं असेल तर त्यात अर्धा चमचा वाटलेली राई फेटावी, तेल आणि रस लवकर वेगळे होत नाहीत. लिंबाऐवजी सिरकाही चालतो. सिरका हातात घेऊन अम्मींनी सहीह मुस्लिममधली हदीस सांगितली. हुजूर सल्लल्लाहु अलैहि वसल्लम यांनी घरात सालन विचारलं, सिरक्याशिवाय काही नव्हतं, तर तोच आनंदाने घेतला आणि त्याची तारीफ केली.

ईदच्या दिवशी मोठ्या वाडग्यात उकडलेले चणे, कांदा, काकडी आणि वर तिळाची ती पांढरी धार होती. दही वेगळं ठेवलंच नाही. यापूर्वी दावतीत माझी मुलगी आपला छोटा डबा घेऊन कोपऱ्यात बसायची. कुणी आग्रह केला तर “भूक नाही” म्हणायची. त्या दिवशी वाढायला तीच उठली. चुलत बहिणींनी दोनदा मागून घेतलं.

बहिणींनो, एक लक्षात ठेवा. तीळ, शेंगदाणेसुद्धा कुणाकुणाला बाधतात. म्हणून पाहुण्यांना आधी विचारतो आणि मगच कालवतो.

अम्मींना उर्दू वाचता येतं, इंग्रजी नाही. बाजारातून कुठलंही पाकीट आलं की त्या आधी ते उलटं करतात, चष्मा लावतात आणि नातीच्या हातात देतात.

“वाच बेटा. मोठ्याने वाच. शेवटपर्यंत.”