प्रश्न आधी, आराखडा मागून

कामणला दवाखाना चालवणाऱ्याला संशोधनाचे विषय शोधत हिंडावं लागत नाही. चिंचोटी-भिवंडी रस्त्यावर ट्रेलरची रांग, त्यांची धूळ, आणि रस्त्याकडेच्या टपऱ्या-गोदामांतून खोकत येणारी माणसं. इथे शिकायला येणाऱ्या तरुण डॉक्टरांचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "सर, आरसीटी करूया." आरसीटी म्हणजे चिठ्ठ्या टाकून लोकांचे गट पाडणारी चाचणी. मग धूळ कुणी खायची तेही चिठ्ठ्या टाकून ठरवायचं?

अशा वेळी मी महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांकडे वळतो. कोकणात लाल विंचू चावून धडधाकट मुलं फुप्फुसात पाणी भरून दगावत. बावस्करांनी आधी नुसत्या नोंदी ठेवल्या: दरदरून घाम, उलट्या, गार पडलेले हातपाय. 1982 साली ही लक्षणं 'लॅन्सेट'मध्ये छापून आली. पुढे प्राझोसिनची गोळी दिल्यावर मृत्यू इतके घटले की, माझ्या मते, तुलनेला पूर्वीचे रुग्ण पुरेसे होते. निम्म्या मुलांना ती गोळी कुठल्या तोंडाने नाकारणार? विंचवाच्या विषावरची प्रतिलस आली तेव्हा प्रश्न बदलला. प्राझोसिनच्या जोडीला ती दिली तर फायदा वाढतो का? इथे गोळी दोन्ही गटांना मिळणार होती, म्हणून चिठ्ठी टाकणं रास्त होतं. रुग्ण 70. दहा तासांत बरे झाले ते प्रतिलस मिळालेल्या 35 पैकी 32, नुसत्या गोळीवरच्या 35 पैकी 8. हा अभ्यास 2011 साली 'बीएमजे'त आला. कुणाला काय दिलं हे त्यात झाकलेलं नव्हतं, तेही मी पोरांना सांगतो.

आमच्या खोकल्याचं दुखणं वेगळं. एकदाच सर्वेक्षण केलं तर गोदामातले सगळे ठणठणीत दिसायचे, कारण ज्यांना धूळ सोसली नाही ते काम सोडून गेलेले. वर्षभर पाठपुरावा करावा, तर कामगार गावी जातात आणि परतून दुसऱ्याच गाळ्यात लागतात. म्हणून माझा कल जुनाट खोकल्याचे रुग्ण आणि खोकला नसलेले लोक घेऊन मागचा इतिहास विचारण्याकडे. पण हे दुसरे आणायचे कुठून? दवाखान्यातले पाठदुखीवाले सोयीचे खरे. पण तेही त्याच गोदामांत गोण्या उचलणारे, मग धुळीचा फरक दिसणार कसा? त्यापेक्षा रुग्णाच्याच वस्तीतला, त्याच्याच वयाचा माणूस बरा. थुंकी तपासून टीबीचे रुग्ण आधी बाजूला काढायचे, आणि विडी नि चुलीचा धूर दोघांनाही सारख्याच शब्दांत विचारायचा.