बारा फुटी बेगोनिया

बेगोनिया म्हणजे कुंडीतले झाड, अशी आपल्याकडे सर्वमान्य समजूत आहे. ते नर्सरीत जन्मते, टेंपोतून शहरात येते, बाल्कनीत चार फुले दाखवते आणि घरातली मंडळी आठ दिवस कोकणात जाऊन परत आली, की दार उघडताच त्याचे अंत्यदर्शन होते. एवढ्याशा चरित्रात डोंगर, नद्या, अरण्ये यांना जागा कुठली? आमच्या खिडकीतल्या बेगोनियाची उंची साडेनऊ इंच आहे. शेजारच्या काकू त्याच्याकडे बघून दर महिन्याला म्हणतात, "यंदा बरं अंग धरलंय हो!" पण तो त्यांचा स्वभाव आहे. माझ्याकडे बघूनही त्या तेच म्हणतात.

त्यामुळे तिबेटातल्या रानात बारा फुटी बेगोनिया सापडल्याची हकीगत मी घरात मोठ्याने वाचून दाखवली, तेव्हा ही आतून म्हणाली, "बारा इंच असेल. नीट बघा. चष्मा लावलाय ना?"

चष्मा लावलेला होता. आकडा मीटरमध्ये होता : ३.६. मी कागद-पेन्सिल घेऊन त्याचे फूट केले. ११ फूट आणि वर साडेनऊ-पावणेदहा इंच. म्हणजे आमचा अख्खा बेगोनिया त्या हिशेबात फक्त वरच्या किरकोळीत जात होता.

हे झाड राहते मेदोगला. नकाशात अरुणाचल प्रदेशावर बोट ठेवा आणि किंचित वर सरका. तिबेट म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर बर्फ, याक आणि लोण्याचा चहा उभा राहतो. मेदोग त्यातले नव्हे. त्सांगपो नदी हिमालयाला वळसा घालून प्रचंड दरीतून खाली उतरते, तीच पुढे अरुणाचलात सियांग होते आणि आसामात ब्रह्मपुत्रा. ज्या दरीतून ती खाली येते, त्याच दरीतून आपल्याकडचे पावसाळी ढग उलटे वर चढतात. त्यामुळे तिथे जे रान माजले आहे ते गच्च, ओले आणि जळवांनी समृद्ध असे आहे. डोक्यावर हिमालय, पायाशी केळी. त्या रानातल्या ओढ्यांच्या काठी, साधारण ४५० ते १४०० मीटर उंचीवर हा बेगोनिया वाढतो. वरची हद्द म्हणजे जवळजवळ आपले महाबळेश्वर. फक्त स्ट्रॉबेरी आणि घोडेवाले वजा.

१० सप्टेंबर २०२० या दिवशी शांघायच्या चेनशान वनस्पती उद्यानातले डॉ. दाइके तियान आणि त्यांचे सहकारी त्या भागात हिंडत असताना हे झाड ऐन बहरात त्यांच्यापुढे उभे राहिले. आपल्यापुढे कोणी अनोळखी उभे राहिले तर आपण गाव विचारतो. वनस्पतिशास्त्रज्ञ उंची मोजतो. पण मोजायची कशी? खोड बुंध्याशी जवळजवळ १२ सेंटिमीटर जाड, म्हणजे चहाच्या बशीएवढे. तरी जात बेगोनियाची, म्हणजे मुळात देठाचीच. शिडी लावायची सोय नाही. शेवटी डॉक्टरसाहेब स्वतःच्या मोटारीच्या टपावर चढले आणि तिथून त्यांनी माप घेतले.

हे वाचल्यापासून मला या गृहस्थांविषयी फार आपुलकी वाटते. आपल्याकडे मोटारीच्या टपावर माणूस चढतो तो निवडणूक जिंकल्यावर नाहीतर मिरवणुकीत. झाडाची उंची नीट कळावी म्हणून डॉक्टरेट झालेला माणूस बूट काढून (काढले असावेत, असे आपले मला वाटते) टपावर चढतो, हे दृश्य मला त्या दोन्हींपेक्षा भारदस्त वाटते.

पुढचा प्रश्न, झाड शांघायला न्यायचे कसे? आमच्या तिसऱ्या मजल्यावर लग्नातले कपाट चढवताना हमालांनी जे केले तेच तियान मंडळींनी केले. त्याचे तुकडे केले. चार. ते दाबून, वाळवून उद्यानाच्या संग्रहात प्रदर्शनाला ठेवले, आणि आशियातला सर्वांत उंच बेगोनिया म्हणून गिनीज बुकाकडे अर्जही गेला. २०२१ साली शास्त्रीय नियतकालिकात त्याचे बारसे झाले : बेगोनिया जायगँटिकॉलिस. कॉलिस म्हणजे खोड आणि जायगँटि म्हणजे काय ते तुम्ही ओळखलेच असेल. थोडक्यात, थोराड खोडाचा.

बारशावरून आठवले. बेगोनिया हे मूळ नावच मुळी एका साहेबाचे आहे. मिशेल बेगाँ नावाचे एक फ्रेंच अधिकारी सतराव्या शतकात होऊन गेले. शार्ल प्ल्युमिए नावाच्या धर्मगुरूला वनस्पती गोळा करायला वेस्ट इंडिजला पाठवण्यात या बेगाँसाहेबांचा हात होता. प्ल्युमिएने परत येऊन एका झाडाला त्यांचे नाव देऊन टाकले, आणि पुढे १७५३ साली लिनियसने ते कायम केले. आपल्या गल्लीतल्या चौकाला नगरसेवकाच्या तीर्थरूपांचे नाव मिळते, त्यातलाच प्रकार. फरक एवढाच, की चौक एक असतो. बेगाँसाहेबांच्या नावावर आज दोन हजारांहून अधिक जाती आहेत आणि दरवर्षी त्यांत डझनांनी भर पडते आहे. आता इतक्या बारशांना नावे पुरणार कुठून? २०१४ साली बोर्निओतल्या सारावाकमध्ये काळ्याकुट्ट पानांचा, हिरव्या काठाचा एक बेगोनिया जाहीर झाला. त्याला 'स्टार वॉर्स' सिनेमातल्या खलनायकाचे, डार्थ व्हेडरचे नाव दिले. त्याच वेळी दुसऱ्या एका जातीला त्याच्या बायकोचे, अमिडालाचे नाव मिळाले. सिनेमात त्या दोघांच्या संसाराचे जे झाले ते झाले. वनस्पतिशास्त्रात तरी तो मार्गी लागला.

इतक्या जाती असूनही कुठलाही बेगोनिया ओळखायला सोपा. पान बघावे. मधली शीर धरून घडी घातली तर दोन्ही बाजू जुळत नाहीत. एक बाजू ऐसपैस, दुसरी आखडलेली, थेट भावाभावांच्या वाटणीसारखी. फुलांचा कारभार त्याहून खासा. नरफुले वेगळी, मादीफुले वेगळी. मधमाशी येते ती परागासाठी, आणि पराग फक्त नरफुलांत. मादीफुलाकडे पाहुणचाराला काहीच नाही. मग ते काय करते? आपल्या मधोमध पिवळे, वळणदार असे काही मांडून ठेवते, की लांबून ते नरफुलातल्या परागासारखेच दिसावे. माशी फसते, अंगावरचा पराग तिथे सांडते आणि रिकाम्या हाताने परत जाते. 'चहापानाचा कार्यक्रम होईल' असे पत्रिकेवर छापून भाषणे ऐकवणाऱ्या संस्था मला माहीत आहेत. युक्ती जुनी आहे एवढेच.

आणि बी! बेगोनियाचे बी म्हणजे तपकीर. फुंकर मारली तर उडेल इतके बारीक. तुम्ही म्हणाल, मग ते वाऱ्यावर देशोदेशी जात असेल. नाही जात. दाट रानात वारा पोचतोच कुठे? बी आईच्या पायाशी पडते, फार तर पलीकडच्या ओल्या दगडावर. मधे एक कोरडा डोंगर आला की संपले. त्यामुळे एकेका दरीत एकेक घराणे पिढ्यान्‌पिढ्या आपापसात नांदत राहते आणि होता होता त्याची वेगळी जातच होते. नवे बेगोनिया सतत सापडतात ते यामुळे. ते नवे नसतातच. ते हजारो वर्षे तिथेच असतात. नवा असतो तो तिथपर्यंत जाणारा रस्ता.

इथे मात्र माझा हसरा चेहरा जरा आवरतो. मेदोग हा चीनमधला रस्ता नसलेला शेवटचा तालुका होता. २०१३ साली, डोंगराच्या पोटातून बोगदा काढून, तिथे पक्का रस्ता पोचला. त्याआधी बर्फाने अडलेल्या खिंडी ओलांडून पायी जावे लागे आणि मालही पाठीवरून वाहून न्यावा लागे. अशा रस्त्याला नावे ठेवायची माझी छाती नाही. आमच्या गल्लीत पाइपासाठी रस्ता खणला तेव्हा तीन दिवस गॅसचा सिलिंडर जिन्याखालून आणावा लागला, तर मी वर्तमानपत्राला पत्र लिहिले होते. मेदोगच्या माणसाने किती पत्रे लिहायची?

पण आता हिशेब पाहा. या थोराड बेगोनियाची पूर्ण वाढलेली झाडे सापडली ती हजारांच्या आत. आमच्या वॉर्डाच्या मतदारयादीतही यापेक्षा जास्त नावे आहेत, त्यांतली काही तर स्वर्गवासी मंडळींची. आणि ही झाडे जिथे जिथे आढळली त्यांतल्या दोनतृतीयांश जागांना माणसाचा धक्का लागलेला, त्यात रस्त्याच्या कामाचाही. ज्या मोटारीच्या टपावरून झाड मोजले ती मोटार त्या रानात आली होती कशावरून? रस्ता नसता तर हा बेगोनिया कुणाला दिसला नसता, आणि रस्ता नसता तर त्याला दिसायची घाईही नव्हती. शोधकांनी नाव देतानाच त्याला धोक्यात आलेल्यांच्या रांगेत बसवून टाकले आहे. बारसे आणि मृत्युपत्र एकाच कागदावर, असला मुहूर्त आपल्या पंचांगातसुद्धा नाही.

मी हे सगळे हिला सांगितले. ती म्हणाली, "आणि त्यातलं एक यांनी कापून चार तुकडे केले?" यावर शास्त्राची बाजू मी मांडून पाहिली : नमुना जपून ठेवल्याशिवाय जातीला मान्यता नाही, उद्या कुणी शंका घेतली तर दाखवायला तो लागतो. "म्हणजे जन्माचा दाखला," ती म्हणाली. "तो नसला की माणूस समोर उभा असून चालत नाही." बँकेत हयातीच्या दाखल्यासाठी ती दोनदा जाऊन आलेली आहे, त्यामुळे मी वाढवले नाही.

गेल्या ऑगस्टमध्ये भाच्याच्या गाडीतून कोकणात उतरत होतो. आपल्या सह्याद्रीतही बेगोनिया आहे बरे का! बारा फूट नव्हे, वीतभर. पावसात ओल्या कातळाला चिकटून उगवतो, फिकी गुलाबी फुले येतात, पाऊस संपला की वरचे सगळे वाळून जाते आणि गड्डा मातीत दडून पुढच्या जूनची वाट बघतो. घाटातल्या एका वळणावर पाणी ठिबकणारा असा कातळ दिसला. हिने गाडी थांबवायला लावली. पाने वाकडी, एक बाजू मोठी, एक लहान. शंकाच नाही. ही काच खाली करून मोजायला लागली.

कातळावर पिवळ्या रंगाने एक बाण आणि आकडा रंगवलेला होता.

"हे काय रे?" मी भाच्याला विचारले.

"रुंदीकरण. इथपर्यंत फोडणार," तो म्हणाला. "मामी, पुढच्या वर्षी तासभर लवकर पोचाल."

मामीचे लक्ष नव्हते. ती सतरापर्यंत आली होती, तेवढ्यात मागच्या ट्रकने हॉर्न दिला.