पालकसभा, सायंकाळी साडेसहा

1.
शाळेचं फाटक या वेळेला उघडं असतं हेच नवीन. सगळ्या खोल्यांत ट्यूबलाइट लावलेल्या. मुलं मैदानात नुसती धावतायत. अंधारातली शाळा त्यांनी आजवर पाहिलेली नाही.

2.
गेल्या वर्षी सभा बुधवारी सकाळी अकराला होती. वर्गातून 9 पालक आले होते. घरकाम करणारीला अकराची सभा म्हणजे दोन घरांचा खाडा, नाक्यावर उभं राहणाऱ्याची अख्ख्या दिवसाची मजुरी. यंदा चौथीच्या बाईंनी हट्ट धरून वेळ बदलून घेतली. आत्ता मोजले, 31 आहेत. शेजारच्या वर्गातून दोन बाक आणावे लागले.

3.
बाकावर बसल्या बसल्या निम्म्याजणांनी हाताची घडी घातली. कुणी सांगितलं नव्हतं.

4.
हजेरीच्या कागदावर रकाना आहे: पालकाचे नाव. माझ्या आधीच्या तिघींनी तिथे नवऱ्याचं नाव लिहिलं आणि पुढे सही स्वतःची केली.

5.
1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांचं नाव सरकारी कागदपत्रांवर असं लिहायचं आहे: मुलाचं, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव. यातली पहिली मुलं 2030 च्या जूनमध्ये पहिलीत बसतील.

6.
एका वडिलांना मराठी समजत नव्हतं. बाई बोलत होत्या, मुलगा शेजारी उभा राहून हिंदीत सांगत होता. गृहपाठ अर्धवट असतो, मधल्या सुट्टीनंतर वर्गात उशिरा येतो, अक्षर सुधारायला हवं. त्याने यातलं काहीही गाळलं नाही.

7.
आकारिक मूल्यमापनात बाईंना प्रत्येक मुलाबद्दल वर्णनात्मक नोंद लिहावी लागते. एका मुलाच्या पुढे होतं: 'वर्गात वारंवार प्रश्न विचारतो.' त्याचे बाबा वाचून ओशाळले. "समजावतो मी त्याला घरी," म्हणाले. बाई म्हणाल्या, "अहो, नका समजावू! चांगलं म्हणून लिहिलंय ते." त्यांनी ती ओळ पुन्हा वाचली. मग मोबाइल काढून तिचा फोटो घेतला.

8.
दप्तराचं ओझं मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांवर जाऊ नये, हा शासन निर्णय 2015 चा. व्हरांड्यात वजनकाटा ठेवला होता. मुलगी 24 किलो, दप्तर 3 किलो 600 ग्रॅम. तिच्या आजीने तिथेच दप्तर उपसलं. पाण्याच्या दोन बाटल्या निघाल्या, गेल्या वर्षीची स्वाध्यायपुस्तिका निघाली आणि धाकट्या भावाचा डबा. "त्याची शाळा माझ्यानंतर सुटते. त्याला भूक लागते," मुलगी म्हणाली.
आजीने बाकीचं बाजूला काढलं, डबा परत आत ठेवला.

9.
भिंतीवर रंगवलंय: पहिली ते पाचवी प्रत्येकी 100 ग्रॅम तांदूळ, सहावी ते आठवी 150 ग्रॅम. पोषण आहाराचा हा तक्ता पालक जितका वेळ वाचतात तितका वेळ दुसरं काही वाचत नाहीत. एकीने विचारलं, "सोमवारची सुट्टी असली की मग त्या दिवशीचं?"

10.
2019 मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'सत्तावीस' शेजारी 'वीस सात' आलं आणि राज्यभर वाद झाला. भाजीचा गाळा असलेल्या एक ताई आज सांगत होत्या: "आमचा थोरला तेव्हा दुसरीत होता. वहीत साठ आठ म्हणायचा आणि गाळ्यावर बसला की अडुसष्ट. त्याचं कधीच काही अडलं नाही." मला जुनी नावं टिकायला हवी आहेत, कारण बाजार त्याच नावांनी चालतो. पण ज्या पोराला गाळा नाही, त्याला वीस साताने आधार दिला असेल, हेही आज पहिल्यांदा डोक्यात आलं.

11.
शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक हवेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया. 2009 चा शिक्षण हक्क कायदा असं सांगतो. मुख्याध्यापकांनी विचारलं, कोण येणार? कुणी वर पाहीना. मागच्या बाकावरून एक हात वर आला. "बैठक किती वाजता असते?"
"दुपारी, साहेब असतात तेव्हा."
हात खाली गेला. बाई उठून म्हणाल्या, "आजच्या वेळेला ठेवू. येणार का?" हात पुन्हा वर.

12.
चित्रांचं दालन. विषय: माझे घर. बऱ्याच घरांना चाळीचा लांब कठडा आणि निळं पिंप. डोंगरामागून सूर्य उगवणारी घरं फक्त चार.

13.
माझ्या मुलीच्या चित्रात आजी, बाबा, मांजर. मी दारात, खांद्याला पर्स.
"मी येतेय की चाललेय?"
"येतेयस," ती म्हणाली. "दिवा लावलाय बघ."

14.
सगळ्यात जास्त वेळ गेला सेमी इंग्रजीवर. पाचवीपासून गणित आणि विज्ञान इंग्रजीतून घ्यायचं की नाही? एका आईचा प्रश्न सरळ होता: "घरात कुणाला येत नाही. तो अडला तर मी काय सांगणार?" खोलीतल्या बहुतेकांचा प्रश्न हाच होता, विचारला तिने एकटीने. बाई म्हणाल्या, शब्द इंग्रजीत येईल, पण वस्तू तुमच्या घरातलीच असते. आणि फळ्यावर काटकोन काढला.
फरशीचं काम करणारे एक वडील उभे राहिले. गुडघ्यांवर सिमेंटचे डाग तसेच. "हा आम्हाला रोज लागतो. गुण्या लावल्याशिवाय पहिली फरशी बसवतच नाही. कोन चुकला की शेवटच्या ओळीला फट दिसते." मग त्यांनी ओळंब्याचंही सांगितलं. त्यांचा मुलगा दारातून ऐकत होता.
मुलाच्या कानावर काटकोन आधी घरच्या शब्दात पडावा, मग खुशाल इंग्रजीत यावा, असं मला मनापासून वाटतं. आज ते वडिलांच्या तोंडून झालं.

15.
साडेआठ. शिपाईकाकांनी एकेका खोलीचे दिवे घालवायला घेतले. आमच्या वर्गाशी आले आणि थांबले; बाई अजून तिघींशी बोलत होत्या.

16.
फळ्यावरचं आजचं सगळं पुसलं. उद्यासाठी बाईंनी कोपऱ्यात दोन ओळी लिहिल्या:
शनिवारी दप्तर नको.
साहिलचे बाबा येणार आहेत. गुण्या, ओळंबा.