खोडलेलं नाव

स्पीडवेचा एखादा ट्रॅक बंद झाला की इकडे इंग्लंडमध्ये एकच कारण ऐकू येतं: लोकांची आवड बदलली. २०१९च्या हंगामानंतर स्विंडनचा ट्रॅक पुन्हा उघडलाच नाही, तेव्हा हेच. २०२२मध्ये न्यूकॅसलने हंगाम अर्ध्यावर सोडला, तेव्हा हेच. २०२३च्या अखेरीस पीटरबरो आणि वुल्व्हरहॅम्प्टन एकदमच गेले, तेव्हाही हेच. पोरं मोबाइलमध्ये अडकली, फुटबॉलने बाकी सगळे खेळ गिळले, मिनिटभराच्या शर्यतीसाठी दोन तास थंडीत कोण उभं राहणार, वगैरे. मँचेस्टरमध्ये राहणाऱ्याला हे बोलणं जरा जास्तच खुपतं, कारण या खेळाचं राष्ट्रीय स्टेडियम याच शहरात, गॉर्टनच्या बाजूला बेल व्ह्यूला आहे, आणि शहरातल्या बहुसंख्य लोकांना त्याचा पत्ताही नाही. तिथे जे चालतं ते नीट पाहिलं, तर ‘आवड बदलली’ हे निदान मला साफ चुकीचं वाटतं. शर्यत आजही तितकीच जीव खालीवर करणारी आहे. प्रेक्षकाचं तिच्याशी जे नातं होतं, हा आपला संघ, हा आपला रायडर, हा आपला वार, ते मात्र खेळ चालवणाऱ्यांनी स्वतःच्या हातांनी सैल केलं.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: चार रायडर, चार फेऱ्या, लाल मुरमासारख्या मातीचा लंबगोल ट्रॅक, ५०० सीसीचं एका सिलिंडरचं इंजिन, इंधन मिथेनॉल, गिअर एकच आणि ब्रेक नाहीतच. वळणावर मागचं चाक मुद्दाम बाहेर फेकून, डावा पाय जमिनीवर घासत गाडी वळवायची. एक हीट साधारण मिनिटाची, एका सामन्यात १५ हीट. म्हणजे दोन तासांत प्रत्यक्ष शर्यत पंधरा-सोळा मिनिटं. यावर ‘एवढ्यासाठी कोण येणार’ म्हणणाऱ्यांनी एकदा खेड, आंबेगाव, जुन्नरकडचा बैलगाडा शर्यतींचा घाट आठवावा. तिथली एक बारी पंधरा सेकंदांच्या आसपास संपते. माणसं मात्र सकाळपासून उन्हात बसलेली असतात, कारण पुढचा गाडा कुणाचा, बैल कुठल्या गोठ्यातले, गेल्या यात्रेला घाटाचा राजा कोण ठरला होता, हे सगळं त्यांना पाठ असतं. दोन बाऱ्यांमधला वेळ या बोलण्याने भरतो, तो रिकामा नसतो. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४च्या निकालाने या शर्यती थांबल्या आणि डिसेंबर २०२१मध्ये परवानगी मिळाली तेव्हा घाट पुन्हा भरले. बैलांच्या हालांचा प्रश्न गंभीर आहे आणि त्यावर माझं मन पुरतं निश्चिंत नाही, पण इथे मुद्दा प्रेक्षकांचा आहे. इतकी वर्षं शर्यत नसतानाही प्रेक्षक टिकला, कारण मालक तेच होते, गाव तेच होतं आणि यात्रेची तिथी तीच होती.

इंग्लंडमध्ये स्पीडवेचंही असंच होतं. १९२८च्या फेब्रुवारीत लंडनजवळ एपिंगच्या जंगलात, हाय बीचला, झालेल्या शर्यतीपासून इथे या खेळाची सुरुवात मानतात. वर्षभरात लीग सुरू झाली. युद्धानंतर रेशनिंगच्या काळात कामगार वस्त्यांतली माणसं दर आठवड्याला ट्रॅकवर जात; १९४९मध्ये वेम्बलीला जागतिक अंतिम फेरी पाहायला नव्वद हजारांहून अधिक लोक होते. मग करमणूक कर आणि दूरदर्शन यांच्या माऱ्यात पन्नासच्या दशकात खेळ कोसळला, इतका की वेम्बलीचा संघही १९५७च्या हंगामाआधी बंद पडला. तेव्हाही ‘आवड बदलली’ असंच म्हटलं गेलं असणार. पण १९६५मध्ये १८ क्लबांची एकच ब्रिटिश लीग उभी राहिली, सत्तरच्या दशकात स्टँड भरू लागले आणि १९८१ची वेम्बलीची अंतिम फेरी पुन्हा नव्वद हजारांच्या घरात गेली. म्हणजे या खेळाची गर्दी एकदा आटली होती आणि परत आली होती. माणसांची चव तीच होती. बदलली होती ती मांडणी. एकसंध लीग होती आणि प्रत्येक गावाचा वार ठरलेला होता. हाइड रोडच्या जुन्या स्टेडियमवर बेल व्ह्यूचा संघ शनिवारी रात्री धावे, आणि त्या शनिवारभोवती अनेक घरांचा आठवडा बांधलेला असे.

आता आजची मांडणी पाहा. संघ सात जणांचा. प्रत्येक रायडरची सरासरी काढतात आणि संघातल्या सरासऱ्यांची बेरीज ठरावीक मर्यादेच्या वर जाऊ देत नाहीत. हेतू चांगला आहे, श्रीमंत क्लबाने सगळे तगडे रायडर पळवू नयेत. परिणाम असा, की हंगामात संघ चांगला धावला की सगळ्यांची सरासरी वाढते आणि हिवाळ्यात तोच संघ मर्यादेबाहेर जातो. मग कुणाला तरी सोडावं लागतं. घाटाचा राजा ठरलेल्या मालकाला पुढच्या यात्रेआधी जोडीतला एक बैल विकायला लावण्यासारखं हे आहे. त्यावर भर म्हणजे एकच रायडर वरच्या लीगमध्ये एका गावासाठी आणि खालच्या लीगमध्ये दुसऱ्या गावासाठी धावतो. आणि सर्वांत जास्त खटकणारी गोष्ट म्हणजे पाहुणा रायडर. आपला रायडर जखमी झाला किंवा परदेशी सामन्यात अडकला, तर तेवढ्याच किंवा कमी सरासरीचा माणूस दुसऱ्या क्लबाकडून एका रात्रीपुरता आणता येतो. सोमवारी ज्याच्या पडण्याची वाट पाहिली, त्याच्यासाठी गुरुवारी टाळ्या वाजवायच्या. घाटावरही दोन मालकांचे बैल एका गाड्याला जुंपतात, असं कुणी म्हणेल. खरं आहे. पण तिथे नाव बैलाचं आणि मालकाचं असतं, ते उसनं घेतलं तरी सगळ्यांना माहीत असतं की हा अमक्याचा. इथे छातीवरच्या जॅकेटवर गावाचं चिन्ह असतं, आणि आतला माणूस त्या गावाचा नसतोच.

क्लब चालवणाऱ्या प्रमोटरांची बाजू खोटी नाही. या खेळात हाडं मोडतात, सातच्या संघात राखीव खेळाडू पगारावर ठेवणं परवडत नाही, आणि पाहुणा नसेल तर सामना एकतर्फी होईल. मर्यादा उठवली तर दोन क्लब सगळं जिंकतील आणि बाकीचे बुडतील. हे सगळे युक्तिवाद एकेका रात्रीपुरते बरोबर आहेत. पण अशा शंभर रात्रींची बेरीज केली, तर प्रेक्षकाला चुरस मिळते आणि संघ मिळत नाही. निव्वळ चुरशीसाठी माणूस वर्षातून एकदा येतो. २००१पासून कार्डिफच्या झाकलेल्या स्टेडियममध्ये ग्रां प्री भरत असे तेव्हा देशभरातून हजारोंनी लोक जमत, आणि त्यातले कितीतरी आपापल्या बंद पडलेल्या गावच्या संघांची जॅकेट घालून येत. म्हणजे आवड तिथे होती. तिला दर आठवड्याला जायला जागा उरली नव्हती.

दुसरा आक्षेप पैशाचा, आणि त्यात पोलंडचं नाव हमखास निघतं. तिथल्या लीगमध्ये रायडरला जास्त पैसे मिळतात, तिथले सामने शुक्रवारी आणि रविवारी होतात, म्हणून इथल्या वरच्या लीगला सोमवार आणि गुरुवारवर यावं लागलं. तीनदा जगज्जेता ठरलेला ब्रिटिश रायडर टाय वॉफिंडन कारकिर्दीची कितीतरी वर्षं व्रोत्सवाफसाठी धावला. पैसा आहेच. पण पोलंडमध्ये पैसा आधी आला की प्रेक्षक, हे विचारायला हवं. लेश्नो हे साठेक हजार वस्तीचं गाव, त्याचा संघ देशात सर्वाधिक वेळा विजेता ठरलेल्यांत आहे, आणि तिथे मोबाइल पोचलेले नाहीत असं काही नाही. तोरुनमध्ये २००९मध्ये खास या खेळासाठी नवं स्टेडियम उभं राहिलं. प्रत्येक संघात देशातले एकवीस वर्षांखालचे रायडर असलेच पाहिजेत असा नियम आहे, त्यामुळे क्लबाला गावातली पोरं शिकवावीच लागतात. पंधराव्या वर्षी ज्याला पडताना पाहिलं त्याला विसाव्या वर्षी जिंकताना पाहायला गाव येतं. इथेही अलीकडे तरुण ब्रिटिश रायडरसाठी संघात एक जागा राखली आहे. उशिरा का होईना, गेल्या काही वर्षांतला मला सर्वांत शहाणा वाटणारा नियम तो.

तिसरा आक्षेप मात्र जड आहे, आणि तो जमिनीचा. बहुतेक क्लब भाडेकरू आहेत, पुष्कळदा कुत्र्यांच्या शर्यतींच्या मालकांचे. जमिनीला भाव आला की ट्रॅक जातो, स्टँड भरलेले असोत वा रिकामे. हाइड रोडचं स्टेडियम १९८७मध्ये विकलं गेलं आणि तिथे मोटारींच्या लिलावाचा धंदा आला. कॉव्हेंट्रीचा ब्रँडनचा ट्रॅक १९२८पासूनचा. २०१६नंतर तिथे शर्यत नाही. त्या जागेवर घरं बांधायची परवानगी रग्बी शहराच्या कौन्सिलने २०२२मध्ये नाकारली, तरी ट्रॅक ओसाडच राहिला. मग दोष आवडीच्या मांडणीचा कसा, असं विचारता येईल. ट्रॅक बंद का होतात याचं उत्तर जमीन हेच आहे, हे मला मान्य आहे. पण जे ट्रॅक उघडे आहेत तिथले स्टँड विरळ का, याचं उत्तर जमीन देत नाही. बेल व्ह्यूला २०१६पासून नवंकोरं स्टेडियम आहे, संघ २०२२ आणि २०२४मध्ये लीग जिंकला, आणि तरी त्या यशाची चर्चा ट्रामच्या एका डब्यातही ऐकू येत नाही. ऑक्सफर्डचा ट्रॅक तपाहून जास्त काळ बंद होता, तो २०२२मध्ये उघडला तेव्हा लोक परत आले. जागा मिळाली की माणसं येतात. टिकतात की नाही, ते पुढे त्यांना काय मिळतं यावर ठरतं.

यातच आणखी एक गोष्ट, जिच्याबद्दल इथे फारसं बोललं जात नाही. बेल व्ह्यूचं स्टेडियम लाँगसाइटला खेटून आहे. त्या वस्तीत पाकिस्तानी, बांगलादेशी कुटुंबं दोन-तीन पिढ्या राहतात. गाड्यांची, वेगाची हौस तिथल्या पोरांना कमी नाही. सामन्याच्या रात्री इंजिनाचा आवाज त्यांच्या स्वयंपाकघरापर्यंत पोचतो, पण स्टँडमध्ये ती कुटुंबं क्वचित दिसतात. क्लबाने त्यांना हाकललं असं नाही; बोलावलं नाही एवढंच, आणि माझ्या मते तेवढंही पुष्कळ आहे. यात्रेत बैलगाडा चालतो कारण त्याच दिवशी देवदर्शन, पाळणे, नातेवाईक आणि जेवण असतं. ज्याला शर्यतीतलं काही कळत नाही तोही घाटाच्या कडेला पोचतो. बेल व्ह्यूलाही एके काळी प्राणिसंग्रहालय, जत्रेसारखी बाग आणि नाचघर होतं, आणि स्पीडवे त्या गर्दीचाच एक भाग होता. प्राणिसंग्रहालय १९७७मध्ये बंद झालं. त्यानंतर या खेळाने शेजार पुन्हा मिळवण्याचा मनापासून प्रयत्न केला, असं मला वाटत नाही.

म्हणून मराठी वाचकांना, विशेषतः इथे मुलाबाळांसह राहणाऱ्यांना, माझं सांगणं आहे की जाऊन बघा, आणि जाताना पेन न्या. प्रवेशद्वारावर सामन्याचा छापील प्रोग्रॅम विकत घ्या. त्यात हीटचा तक्ता असतो आणि तो भरता आला नाही तर हा खेळ नुसता आवाज वाटेल. डोक्यावरचे रंग आधी लक्षात ठेवा: लाल आणि निळा घरचे, पांढरा आणि पिवळा पाहुण्या संघाचे. पहिल्याला ३, दुसऱ्याला २, तिसऱ्याला १, शेवटच्याला शून्य. म्हणजे दर हीटला सहा गुण, पंधरा हीटचे नव्वद, आणि ४६ झाले की सामना जिंकला. आपले दोघे पहिले-दुसरे आले तर पाच-एक. जुने प्रेक्षक याच आकड्यासाठी जीव टाकतात. पडला तर ‘एफ’, बाद केला तर ‘एक्स’, दोन मिनिटांच्या इशाऱ्यात गेटवर पोचला नाही तर ‘एम’. पहिल्यांदा जाताना पहिल्या वळणाजवळ उभे राहा, कारण गेटवरची टेप वर गेल्यावर पहिल्या दोन-तीन सेकंदांत बहुतेक शर्यतींचा निकाल लागतो; मात्र तिथे लाल माती अंगावर येते, मुलांना जुने कपडे आणि डोळ्यांना चष्मा हवा. जूनमध्येही स्वेटर लागतो. इंजिनाच्या एरंडेल तेलाचा जो वास येतो तो घरी गेल्यावरही कपड्यांना राहतो, आणि मुलांना तो आवडतो.

सामना सुरू होण्याआधी माइकवर बदल सांगतात, तेही पेनाने तक्त्यात उतरवावे लागतात: छापलेलं नाव खोडायचं, वर पाहुण्याचं लिहायचं. आजूबाजूचे म्हातारे हे काम सराईतपणे करतात, पट्टी लावल्यासारखी सरळ रेघ मारतात. सात नावांत एखादीच रेघ असली तर ते पुढच्या हीटबद्दल बोलू लागतात. तीन झाल्या, की ते तक्ता मिटून १९८०च्या संघातली सात नावं ओळीने सांगू लागतात.